चादरीवरचा सूर्य आणि तीन सुया

सोलापुरात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. शाळेच्या मास्तरांनी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब एका चादरीवर पाडलं होतं. त्या बिंबावरून बुध चालला होता. एका मागवाल्या बाईला तो ग्रह म्हणजे कापडातला डाग वाटला आणि ती सगळ्यांसमोर भांडायला उठली. शाळेच्या वार्षिक समारंभात ही गोष्ट भाषणात आली, तिथून बाजारात आली, आणि अजून कुणी पाहुणा आला की त्याला ती चहाबरोबर मिळते.

ती बाई मी. भांडायला उठले हे खरं. बाकीचं खोटं आहे. ते खोटं कसं, हे सांगायला मी इतकी वर्षं थांबले, कारण दोन माणसांशी माझा धंद्याचा संबंध होता. आता तो राहिलेला नाही.

नवरा इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला तेव्हा माझ्याकडे एक रहाट होता आणि मराठी चौथीपर्यंतची शाळा होती. विणकराच्या धोट्यात सुताची कांडी लागते. लोकांच्या कांड्या भरून मी सुरुवात केली आणि नऊ वर्षांत चार हातमागांची मालकीण झाले. कुणी मदत केली नाही. भाव करताना मी आवाज चढवते असं लोक म्हणतात. मी आवाज खाली ठेवला असता तर अजून दुसऱ्यांच्याच कांड्या भरत बसले असते.

सत्तावीस साली दिवाळी झाली आणि चारांतले दोन माग बंद पडले. गिरणीची चादर स्वस्त मिळत होती. माझ्याकडे एक म्हातारा तेलुगू विणकर होता. त्याच्या हातची चादर हातात घेतली की दुसरी घ्यावीशी वाटत नसे. त्यालाही मी सांगून ठेवलं होतं की दुसरीकडे काम बघून ठेव. आता एकच आशा होती. शाळेच्या बोर्डिंगातल्या मुलांना नव्या चादरी घ्यायच्या होत्या. ते काम मिळालं तर वर्षभर चारही माग चालले असते. काम द्यायचं अण्णांच्या हातात होतं. अण्णा शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आणि कापडाचे जुने व्यापारी. मी तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा ते म्हणाले, "बघू की."

अण्णांची एक सवय साऱ्या बाजाराला माहीत होती. कापड समोर आलं की ते उजेडाकडे धरायचं, बोटाने घासायचं, आणि काहीतरी दोष काढायचा. गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग. दोष निघाला की भाव उतरतो. दोष नसला तरी ते काढत.

अशा वेळी शाळेचे विज्ञानाचे मास्तर माझ्या दारात आले.

"आक्का, एक पांढरी चादर पाहिजे. मोठ्या पन्ह्याची, मधे जोड नसलेली. एका दिवसासाठी."

"भाडं काय देणार?"

"भाडं कसलं? विज्ञानासाठी पाहिजे."

"मग विज्ञानालाच पाठवा माझ्याकडं. त्याच्याशी बोलते मी."

मास्तर हसले नाहीत. गरीब माणूस, पण बुधाचं नाव काढलं की अंगात येई. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. येत्या गुरुवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला बुध सूर्याच्या बिंबावर शिरणार आणि दुपारी दोनच्या आत बाहेर पडणार. ग्रहणाच्या वेळी लोक काच काजळून बघतात, तसं इथं चालणार नाही. एक तर बुध इतका बारीक की काचेतून दिसणारच नाही, आणि डोळा अधू होईल तो वेगळाच. दुर्बिणीला डोळा लावला तर डोळा जागच्या जागी जाईल. म्हणून हॉल अंधारा करायचा, दुर्बिणीचं तोंड खिडकीतून सूर्याकडे करायचं, आणि मागच्या बाजूने बाहेर पडणारा उजेड पांढऱ्या कापडावर घ्यायचा. सूर्याकडे पाठ करून सूर्य बघायचा. बाजारातल्या सगळ्या चादरी दोन पाट जोडून शिवलेल्या. ती शिवण सूर्याच्या बरोबर पोटातून गेली असती. जोड नसलेली चादर फक्त माझ्या मोठ्या मागावर निघत होती.

म्हातारा विणकर मागावरून ऐकत होता. तो म्हणाला, "आक्का, बुध हाय तर बुधवारी यायचं की. गुरुवारी कशाला येतंय?"

"बुधालाच विचार," मी म्हणाले आणि मास्तरांकडे वळले. "चादर देते. पण चादरीला खिळा लागणार नाही, पेन्सिल लागणार नाही. आणि अण्णांना तिच्यासमोर पहिल्या खुर्चीवर बसवायचं."

"अण्णांना आकाशात रस नाही हो."

"मला तरी कुठं आहे? त्यांना बसवा. कापड बघू दे."

मास्तर कबूल झाले. मग त्यांची अडचण निघाली. सूर्य सारखा सरकत राहतो, त्यामुळे दुर्बीण हलवून बिंब एका जागी धरावं लागतं, आणि जागा कळायला चादरीवर वर्तुळ काढायला हवं. पेन्सिल तर मी बंद केलेली. शेवटी मीच मधोमध एक सुई रोवली, तिला दोरा बांधला, आणि निळ्या दोऱ्याचे सैल टाके घालत दीड हात रुंद वर्तुळ शिवून दिलं. एक टोक ओढलं की सगळा दोरा निघून यावा असं.

गुरुवारी मी सकाळीच गेले. म्हातारा बरोबर होता, चादर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तो तयार नव्हता. मास्तरांनी एका बाजेची सुतळी काढून नुसती चौकट ठेवली होती. चादर आम्ही तिच्यावर दोऱ्यांनी ताणून बांधली आणि चौकट तिरकी टेकवली. खिडक्यांवर बोर्डिंगातली घोंगडी टांगलेली होती. एका घोंगड्याच्या भोकातून दुर्बिणीचं तोंड बाहेर गेलं होतं.

दाराशी लोकांकडून काजळलेल्या काचा काढून घेत होते. एकाने तर कंदिलाची सबंध काच काळी करून आणली होती. मास्तरांनी घोंगड्याची थोडी लोकर उपटली आणि दुर्बिणीच्या मागच्या भिंगाशी धरली. धूर निघाला, चर्र झालं, हॉलभर जळक्या लोकरीचा वास सुटला.

"हा तुमचा डोळा," मास्तर म्हणाले. "आता कुणी जवळ येऊ नका."

कुणी गेलं नाही. पण हे अण्णांनी बघितलं नव्हतं. पहिली खुर्ची रिकामी होती.

मग सूर्य चादरीवर आला. मला आकाशात रस नव्हता हे मी सांगितलंच आहे, तरी ते बिंब निळ्या टाक्यांच्या आत गच्च बसलं तेव्हा मी चादरीपाशी सरकले. कापडाच्या पोतावर उजेड असा पसरला होता की एकेक धागा मोजावा. बिंबावर दोन राखी ठिपके आधीपासूनच होते, कडा विसविशीत, मागाचं तेल सांडल्यासारखे. मास्तर म्हणाले ते सूर्याचे स्वतःचे डाग आहेत. साडेआठ होऊन गेल्यावर काठाला एक काळा दात लागला, आणि हळूहळू तो ज्वारीच्या दाण्याएवढा गोल होऊन आत आला. दोन राखी, एक काळा. हे सगळं मी नीट पाहिलं आणि ऐकलं. तेव्हा मला ग्रह कापडातला डाग वाटला असं कुणी म्हटलं, तर त्याने ही ओळ पुन्हा वाचावी.

अण्णा दहा वाजून गेल्यावर आले. डोक्याला पगडी, खांद्यावर किरमिजी काठाचं उपरणं, तोंडात विडा. बाहेरच्या उन्हातून अंधारात आले, चाचपडत खुर्चीवर बसले, आणि समोर बघितलं. त्यांना सूर्य दिसलाच नाही. दिवा लावून दाखवायला ठेवलेली चादर दिसली.

"आक्का, हीच का ती बोर्डिंगची?"

"हीच. हात लावून बघा."

"हात कशाला लावायचा? हितूनच दिसतंय. दोन तेलाचे डाग आन् एक काळी गाठ."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. दुर्बिणीपाशी उभे असलेले मास्तर म्हणाले, "अण्णा, तो काळा म्हणजे बुध. बाकीचे दोन सूर्याचे डाग."

"मास्तर, तुम्हाला चादर फुकट मिळालीया, तुम्ही तिची बाजू घेणारच. कापडातलं तुम्हाला काय कळतंय?"

"पण अण्णा, सूर्यावर डाग असतात."

"चंद्रावर असत्यात. सूर्याला न्हाय. रोज सकाळी अर्घ्य देतो मी त्याला, मला माहिती हाय."

एवढं बोलून ते उठले, चौकटीपाशी गेले, बोटाला थुंकी लावली आणि काळा ठिपका घासू लागले. ठिपका त्यांच्या नखावर चढला. बोट काढलं, ठिपका पुन्हा कापडावर. आणि विड्याच्या थुंकीचा लालभडक ठसा त्याच्या शेजारी.

"निघत न्हाय," अण्णा म्हणाले. "पक्का डाग हाय. ह्या असल्या चादरी बोर्डिंगला न्हाय चालणार, आक्का."

मी उठले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. म्हाताऱ्याने नऊ दिवस बसून विणलेलं कापड, आणि त्याचं तोंड त्या अंधारातही मला दिसत होतं. तो स्वतःशीच पुटपुटत होता, "गाठ न्हाय आक्का, माझ्या हातात गाठ येत न्हाय." त्याला एवढ्या सांगण्यावरून शंका आली होती. माणसाला असं करून सोडण्याची अण्णांची कला होती.

"अण्णा," मी म्हणाले, "डाग कापडात असंल तर तो कापडाबरोबर राहील. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"आन् कापडात नसंल तर?"

मी पदराच्या काठात खोचलेल्या सुया काढल्या. त्या कायम तिथे असतात. तीन ठिपक्यांवर एकेक सुई टोचली, बरोबर मधोमध.

"आता पाव तास बसा," मी म्हणाले. "मास्तर, बिंब टाक्यांच्या बाहेर जाऊ देऊ नका."

मास्तरांच्या मनातही हे आलेलं नव्हतं. त्यांनी सकाळपासून नुसतं दाखवायचं काम चालवलं होतं. "वा," असं ते हळूच म्हणाले. मला ऐकू आलं होतं. पुढे त्यांना आठवेना.

पाव तास एवढी माणसं इतकी गप्प बसलेली मी कीर्तनातसुद्धा पाहिली नाहीत. मास्तर दुर्बीण केसाकेसाने हलवत होते. मग म्हातारा वाकून चौकटीजवळ गेला, कापडाला नाक लावेल इतका, आणि म्हणाला, "दोन हायेत जागेवर. एक गेलं."

दोन राखी ठिपके आपापल्या सुईखाली तसेच होते. काळा मात्र सुई सोडून दोन बोटं पुढे गेला होता.

"कापडातली गाठ चालती का हो, अण्णा?" मी विचारलं.

"ते काळं चाललं, मान्य," अण्णा म्हणाले. "मग ते दोन तर कापडातच हायेत. जागेवर हायेत की."

मला वाटलं आता ह्यांना चौकटीला बांधावं. मी सरळ चादरीचं खालचं टोक धरलं आणि ओढलं. दोरे तोवर सैल झाले होते, चादर हातभर सरकली. सुया सरकल्या, निळं वर्तुळ सरकलं, अण्णांचा लाल ठसा सरकला. तिन्ही ठिपके होते तिथेच राहिले.

लोक हसायला लागले तसे अण्णांचे कान तापले. "ही दुर्बिणीची करामत असंल," ते म्हणाले. "कापडावर काय दाखवता? मी सवता डोळा लावून बघतो."

आणि ते निघाले. मास्तर आडवे येईपर्यंत अण्णा वाकलेही होते. लोकर जळताना त्यांनी पाहिलीच नव्हती. मी त्यांच्या मागेच उभी होते. हाताला उपरणं लागलं, ते धरलं आणि बैलाचा कासरा ओढावा तसं मागे ओढलं. अण्णा दोन पावलं मागे आले. उपरण्याचं दुसरं टोक हवेत उडून भिंगापुढे पडलं आणि किरमिजी काठातून धूर निघाला.

आधी तो त्यांना दिसला नाही. बाईने भर सभेत उपरणं ओढलं ह्याच धक्क्यात ते होते. मग वास आला. काठ हातात घेऊन ते बघत राहिले. काठात बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

"इथं तुमचा डोळा असता," मास्तर म्हणाले.

अण्णा बराच वेळ त्या भोकातून हॉलकडे बघत होते. मग म्हणाले, "माझं उपरणं जाळलं ह्या बाईनं."

चादर आम्ही सोडली आणि शाळेच्या अंगणात नेली. म्हाताऱ्याने एक टोक धरलं, मी दुसरं. भर उन्हात सबंध चादर पांढरी शुभ्र. निळं वर्तुळ, तीन सुया, आणि एक लाल ठसा. अण्णांनी ती वरून खाली बघितली, खालून वर बघितली, उलटी करून बघितली. शंभर माणसं भोवती उभी. शेवटी त्यांनी बोट ठेवलं.

"हा डाग."

"तो तुमचा विडा, अण्णा."

पुन्हा हशा झाला. अण्णांनी हात मागे घेतला. मी वाट पाहत राहिले. धंद्यात बोलण्यापेक्षा कधी गप्प बसावं हे मला उशिरा कळलं, पण त्या दिवशी कळलं.

"चादरी घेऊ," ते म्हणाले. "पण भाव खाली आला पायजे. उपरणं गेलं माझं."

"भाव हाय तोच. उपरणं नवं विणून देते. काठासकट."

"रेशमी काठ."

"सुती. जळालं ते सुतीच व्हतं."

"बरं, सुती," अण्णा म्हणाले. अण्णा असे एका बोलण्यात कबूल झाले, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असेल.

मास्तर मात्र परत हॉलमध्ये धावले. बुध अजून सूर्यावर होता. माझी चादर अंगणात होती. त्यांनी उरलेला बुध कुणाच्या तरी धोतरावर पाहिला म्हणे.

पुढे समारंभात त्यांचं भाषण झालं. त्यात तीन सुयांचा प्रयोग होता. "आम्ही बिंबावर तीन सुया टोचून ग्रहाची गती सिद्ध केली," असं ते म्हणाले. आणि लोकांना हसवायला बाईची गोष्ट होती, तिला ग्रह डाग वाटला ती. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले.

"मास्तर, डाग कुणाला वाटला?"

ते खाली बघत म्हणाले, "आक्का, अण्णा अध्यक्ष आहेत. त्यांचं कसं सांगायचं? मला त्याच शाळेत राहायचंय."

"आन् सुया कुणी टोचल्या?"

"आम्ही म्हटलंय की. आम्हीत तुम्ही आलातच."

मी त्यांना पुष्कळ बोलले. त्यांच्या बायकोने मधे येऊन चहा दिला, तो मी घेतला नाही. नंतर त्यांनी दोनदा चादर मागितली, दोन्ही वेळा मी जोडाची दिली.

चारही माग सुरू झाले. म्हातारा राहिला. अण्णांचं उपरणं मी त्याला विणू दिलं नाही, स्वतः बसून विणलं. अंग पांढरं, काठ किरमिजी. काठापासून चार बोटांवर, एका कोपऱ्यात, मी तीन ठिपके विणले. दोन राखी. एक काळा, ज्वारीच्या दाण्याएवढा.

अण्णा ते न्यायला स्वतः आले. माणूस पाठवला असता तर बाजार हसला असता. त्यांनी घडी मोडली, उपरणं दाराच्या उजेडाकडे धरलं आणि सवयीप्रमाणे इंच इंच बघू लागले. कोपऱ्यापाशी आले. बोट उचललं गेलं.

"आक्का, ह्यात तर—"

मागाचा आवाज थांबला. म्हातारा मान वर करून बघत होता. मी पदराच्या काठातून एक सुई काढली आणि अण्णांच्या पुढे धरली.

अण्णांनी बोट खाली घेतलं. मग त्यांनी उपरण्याची नीट घडी घातली, ठिपके आत राहतील अशी, आणि खांद्यावर टाकलं.

"बोर्डिंगच्या चादरी कवा मिळत्याल?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात पहिल्या वीस," मी म्हणाले, आणि सुई परत पदरात खोचली.